एमआरआय सुसह्य व्हावा म्हणून नेमकं काय करावं? (माहितीपत्रकासाठी मदत हवी)

चेंदणीकर

ठाण्यातल्या एका निदान केंद्रासाठी एमआरआयच्या रुग्णांना द्यायचं मराठी माहितीपत्रक लिहायला घेतलं आहे. ए-फोर कागदाची एक बाजू, एवढीच जागा. सध्या तिथे मिळतो तो कागद इंग्रजीवरून कसाबसा उतरवलेला आहे. 'हालचाल टाळावी' हे त्यात तीनदा येतं, पण रुग्णाला हलावंसं वाटू नये म्हणून केंद्र काय करणार, याबद्दल एक अक्षर नाही.

माझा कच्चा मसुदा असा:

१. उपाशीपोटी या.
२. धातूचे सगळे दागिने घरी ठेवून या.
३. मशीनचा आवाज मोठा असतो, घाबरू नका.
४. ३० ते ४५ मिनिटं अजिबात हलू नका.
५. बंद जागेची भीती असेल तर ओपन एमआरआय किंवा झोपेचं इंजेक्शन यांचा पर्याय आहे.

'घाबरू नका' असं छापल्याने कुणाची भीती जात नाही, हे मला कळतं. त्या जागी काय लिहावं ते कळत नाही. इथे टेक्निशियन, सिस्टर, डॉक्टर बरेच आहेत. एकेक मुद्दा घ्या आणि बिनधास्त चिरफाड करा.

गॅन्ट्रीबाहेर

पहिला मुद्दा आधी खोडा. मेंदू, मणका, गुडघा, खांदा यांच्या साध्या एमआरआयला उपाशी राहायची गरज नसते. पित्तनलिकेचा एमआरआय, म्हणजे एमआरसीपी, असेल तर ४ ते ६ तास पोट रिकामं लागतं. पोटाच्या इतर तपासण्यांना केंद्र सांगेल तसं, आणि भूल द्यायची असेल तर त्याचे नियम वेगळे. बाकीच्यांनी हलकं खाऊन यावं. सकाळपासून चहासुद्धा न घेतलेला मधुमेही माणूस दुपारी एकला टेबलावर चढतो तेव्हा हातपाय थरथरतात, घाम सुटतो, आणि मग आपणच म्हणतो की पेशंट हलतोय. नेहमीची औषधं घेऊनच यायचं, हेही छापा.

चौथा मुद्दा तर रुग्णाला घाबरवायलाच लिहिल्यासारखा वाटतो. ४५ मिनिटं पुतळ्यासारखं पडून राहणं कुणालाच जमत नाही. खरं म्हणजे तपासणी सलग नसतेच. ५ ते ८ सिक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याचे तुकडे, असतात, एकेक २ ते ५ मिनिटांचा, आणि मध्ये काही सेकंदांची शांतता. आवाज चालू असताना स्थिर राहायचं. आवाज थांबला की आवंढा गिळा, खोका, ओठ ओले करा. कूस किंवा बैठक मात्र बदलायची नाही, कारण पहिल्या मिनिटाला घेतलेल्या चित्रावरच पुढचे सगळे छेद (शरीराचे काप दाखवणारी चित्रं) आखलेले असतात. मानेच्या तपासणीत 'आवाज थांबल्यावर गिळा' हे एक वाक्य सांगितलं तर अर्धे सिक्वेन्स वाचतात.

कन्सोलवर, म्हणजे बाहेरून मशीन चालवायच्या संगणकावर, बसणाऱ्याचंही काम आहे. दर सिक्वेन्सच्या आधी माइकवर 'आता ४ मिनिटं, मग थोडी विश्रांती' एवढं सांगायला ३ सेकंद लागतात. आत पडलेल्या माणसाला वेळेचा अंदाज राहत नाही. १० मिनिटं कुणाचा आवाज आला नाही की आपल्याला विसरले, असंच त्याला वाटतं.

डॉ_येऊर

गॅन्ट्रीबाहेर यांना +१. रेडिऑलॉजिस्टच्या बाजूने एक भर घालतो. रुग्णाची सोय ही वरची सजावट नव्हे, चित्राची प्रत तिच्यावरच ठरते. रुग्ण हलला की चित्रात एकाच दिशेने भुतासारख्या सावल्या उमटतात आणि लहान गाठ किंवा बारीक फाट त्यात झाकली जाते. मग तो सिक्वेन्स पुन्हा. म्हणजे आधीच कंटाळलेल्या माणसाला आणखी ४ मिनिटं.

म्हणून सिक्वेन्सचा क्रम रुग्ण बघून ठरवावा. कंबरदुखीने नीट उताणं झोपताच येत नसेल तर पहिल्या चित्रानंतर थेट बाजूचा छेद, म्हणजे सॅजिटल टी-टू घ्या. पक्षाघाताची शंका असेल तर डिफ्यूजन, म्हणजे ताजा पक्षाघात दाखवणारा सिक्वेन्स, आधी. रुग्णाने ६ मिनिटांत 'बाहेर काढा' म्हटलं तरी कामाचं चित्र हातात राहतं. ठरलेला प्रोटोकॉल वरून खाली चालवत गेलं आणि महत्त्वाचं ते शेवटाला राहिलं, तर रुग्णाने काढलेला सगळा त्रास फुकट जातो.

कोपरखैरणेची_माऊ

सगळ्यात मोठा प्रश्न कुणी विचारतच नाही. गुडघ्याच्या तपासणीला डोकं आत जातं का हो?

गॅन्ट्रीबाहेर

@माऊताई, नाही जात. हे तर माहितीपत्रकात चित्र काढूनच दाखवायला हवं.

बोगद्याची लांबी साधारण दीड मीटरच्या आसपास असते आणि दोन्ही तोंडं उघडी असतात. ज्या भागाचं चित्र घ्यायचं तो बरोब्बर मधोमध यायला लागतो. गुडघा किंवा घोटा असेल तर पाय आधी आत जातात, डोकं पूर्ण बाहेर. खुबा आणि ओटीपोटाला पाय आधी घेतले तर डोकं तोंडापाशीच राहतं. कमरेच्या मणक्याला डोकं आत असतं पण कडेजवळ, उंचीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. मेंदू, मान, खांदा यांनाच डोकं खरोखर मध्यभागी जातं. गुडघ्यासाठी आलेली कितीतरी माणसं आपण नखशिखांत आत जाणार या धास्तीने रात्रभर झोपलेली नसतात. एका चित्रात ते मिटतं.

कमरेच्या तपासणीला भीती वाटणाऱ्याला पाय आधी घालता येतात. बहुतेक मशीनवर चालतं. अपॉइंटमेंट देतानाच विचारून ठेवा.

पारसिक

पाचव्या मुद्द्याबद्दल. ओपन एमआरआय हाच खरा उपाय आहे. बाजूने मोकळं, नातेवाइकाला हात धरून बसता येतं. सगळ्या केंद्रांनी तेच का ठेवू नये?

डॉ_येऊर

@पारसिक, मनापासून असहमत. दोन चकत्यांमध्ये झोपवणारी ओपन मशीन बहुतेक ०.२ ते ०.४ टेस्लाची असतात (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). नेहमीची १.५ किंवा ३ टेस्ला. चुंबक अशक्त म्हणजे सिग्नल अशक्त, आणि तो भरून काढायला प्रत्येक सिक्वेन्स लांबवावा लागतो. जागा मोकळी मिळते, पण पडून राहायचा वेळ वाढतो. घाबरलेल्या माणसाला ते परवडतंच असं नाही. पाठ दुखणाऱ्याला तर नाहीच. त्यातून लहान नस, कूर्चा, पिट्युटरी ग्रंथी यांची चित्रं कमी पडली तर पुन्हा मोठ्या मशीनवर पाठवावं लागतं.

बरा मधला मार्ग म्हणजे रुंद बोगदा. जुन्या मशीनचा व्यास ६० सेंटिमीटर, २००४ पासून ७० चे १.५ टेस्ला आले. अलीकडे ०.५५ टेस्लाचं ८० सेंटिमीटरचंही आलं आहे. १० सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण नाक आणि छत यांच्यातलं अंतर त्यानेच बदलतं. बोगद्याचा तळ टेबलाने व्यापलेला असतो, त्यामुळे ६० च्या मशीनमध्ये छातीवर उरणारी जागा मुळातच थोडी असते. ठाण्यापासून पनवेलपर्यंत दोन्ही प्रकार मिळतात. फोनवर 'ओपन आहे का' असं विचारण्यापेक्षा 'बोगदा ६० चा की ७० चा, किती टेस्ला' असं विचारावं.

पारसिक

ठीक. वेळ वाढतो हा मुद्दा मी धरला नव्हता. तरी खांद्याने ७० मध्येही न मावणाऱ्या रुग्णाला ओपनशिवाय काय आहे?

डॉ_येऊर

तिथे ओपनच. ते मान्यच आहे. टेबल २०० किलो पेलतं, अडचण वजनाची नसून घेराची असते. म्हणून खांदे-कोपर मिळून जिथे सर्वांत रुंद भरतं तिथलं माप अपॉइंटमेंटच्या वेळीच घ्यावं. सुटी काढून, रिक्षाने आलेल्या माणसाला टेबलावरून परत पाठवणं फार वाईट.

खाडीवारा

आवाजावर सविस्तर लिहितो, कारण 'आवाज मोठा असतो' एवढ्याने काहीच कळत नाही.

बोगद्याच्या भिंतीत ग्रेडियंट कॉइल, म्हणजे तारांची वेटोळी, असतात. त्यांतला वीजप्रवाह सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद होतो आणि बाहेर प्रचंड चुंबकीय क्षेत्र असल्याने प्रत्येक वेळी कॉइलला धक्का बसतो. लाउडस्पीकरचा पडदा थरथरतो तशीच ही अख्खी चौकट थरथरते. म्हणून ३ टेस्लाचं मशीन १.५ पेक्षा जास्त ओरडतं. काही सिक्वेन्स ११० डेसिबलच्या पुढे जातात, डिफ्यूजन त्यांतला सगळ्यात कर्कश. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ९९ डेसिबलच्या वर कानांना संरक्षण द्यावंच लागतं.

आता इअरप्लग. ते पाकिटातून काढून रुग्णाच्या हातावर ठेवणं म्हणजे न दिल्यासारखंच आहे. पद्धत अशी: प्लग दोन बोटांत फिरवत फिरवत काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, त्याने कानाची नळी सरळ होते. प्लग आत सारायचा आणि ३० सेकंद बोटाने दाबून धरायचा, तोवर तो फुगून नळी भरतो. समोरून बघताना प्लग अर्ध्याहून जास्त बाहेर दिसत असेल तर बसलेला नाही. नीट बसला तर ३० डेसिबलच्या आसपास आवाज कमी होतो, अर्धवट बसला तर त्याच्या निम्मासुद्धा नाही. वयस्कर माणसांना हे स्वतःला जमत नाही, स्टाफने बसवून द्यावा.

वर हेडफोनही लावावेत, पण ३० अधिक ३० मिळून ६० असा हिशोब नसतो. दुसऱ्या थराने साधारण ५ डेसिबलच वाढतात, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडातून आत येतो. डोक्याभोवतीच्या कॉइलमध्ये (सिग्नल टिपणारा पिंजरा) हेडफोन मावत नाहीत, तिथे प्लग आणि कानांवर चपटे फोम पॅड.

आणि आवाजाची ओळख आधीच करून द्या. दार उघडताच एक 'चुक-चुक' ऐकू येते, ती हेलियम थंड ठेवणाऱ्या पंपाची. चुंबकाचं वेटोळं उणे २६९ अंशांवर ठेवावं लागतं, म्हणून तो पंप दिवसरात्र चालतो. रुग्णाला वाटतं तपासणी सुरू झाली. त्याला सांगा, ही चुकचुक म्हणजे मशीन नुसतं बसलेलं आहे.

कोपरखैरणेची_माऊ

घोडबंदर रोडच्या लोकांना काही वाटणार नाही, मेट्रोच्या कामाने कान पक्के झालेत :)

खाडीवारा

@माऊ, हसू आलं, पण उपमा म्हणून खरंच छान आहे. 'आधी दारावर ठोकल्यासारखं, मग ड्रिल मशीनसारखं, मध्येच लोकल पुलावरून गेल्यासारखं' असं सांगितलं की माणूस आवाज ओळखत जातो. ओळखीच्या आवाजाने दचकायला होत नाही.

सिस्टर_नेरुळ

दागिन्यांवर मी लिहिते. 'सगळे दागिने घरी ठेवा' हे वाक्य आपल्याकडे चालत नाही. लग्न झालेल्या बाईला ऐन वेळी, अनोळखी दारात मंगळसूत्र काढायला सांगितलं की तिचा जीव तिथेच कासावीस होतो. हे आदल्या दिवशी फोनवर सांगायला हवं, कारणासकट. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण त्यात वीज खेळते, ते तापू शकतं आणि मानेजवळचं चित्र बिघडवतं. मंगळसूत्राऐवजी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून घालायची रीत आहेच, ते घालून आत जाता येतं. कितीतरी आज्यांचं मन त्याने निवांत होतं. जोडवी बसलेली असतील तर घरीच साबणाच्या पाण्याने सोडवून या, केंद्रात ओढाताण नको.

विसरल्या जाणाऱ्या वस्तू: साडीच्या निऱ्यांतली सेफ्टी पिन, अंबाड्यातले आकडे, पुरुषांचा चांदीचा करगोटा, जानव्याला अडकवलेली किल्ली, तावीज, कवळी, श्रवणयंत्र, काजळ-मस्कारा (काहींत लोहाचे कण असतात), दंडावरचा साखर मोजायचा सेन्सर, पाठीमागे चंदेरी थर असलेली औषधाची पट्टी. हल्लीच्या खेळाच्या बनियन आणि लेगिंगमध्ये चांदीचे धागे विणलेले असतात, अशा कपड्यांनी भाजल्याच्या नोंदी आहेत. म्हणून 'बटण नाही, चेन नाही, तर घरचेच कपडे चालतील' असं म्हणू नका. केंद्राचा सुती सदरा-पायजमाच द्या. मागून उघडा गाऊन नको. दोन तुकड्यांचा, पुढे नाडीचा असावा. बायकांना वर एक ओढणी. आपण उघडे पडलोय असं वाटत असताना कुणी निवांत झोपत नाही.

आता टेबल. गुडघ्यांखाली जाड लोड घातला की कंबर टेबलाला टेकते आणि पाठीचा ताण उतरतो. टेबलावरची ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट. टाचांखाली मऊ घडी, कोपरांखाली पॅड. दोन मांड्यांच्या मध्ये चादरीची घडी, हातांची बोटं एकमेकांत गुंतवायची नाहीत, हात बोगद्याच्या भिंतीला टेकत असेल तर मध्ये १-२ सेंटिमीटरचा पॅड. कातडीला कातडी लागली तर शरीरातच वीजेचं वर्तुळ पूर्ण होतं आणि त्या जागी भाजतं. कॉइलची वायर अंगावर वेटोळी करून ठेवू नये, तेही याच कारणाने.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट करणारं शिरेतलं औषध, लागण्याची शक्यता असेल तर इन्ट्राकॅथ (शिरेतली नळी) बाहेरच लावून घ्या. अर्धी तपासणी झाल्यावर टेबल बाहेर काढून शीर शोधणं रुग्णालाही नको आणि चित्रालाही. औषध जाताना हाताला गार वाटतं, तोंडाला धातूसारखी चव येते, क्वचित मळमळतं, हे आधी सांगितलं की दचका बसत नाही.

वागळे_इस्टेट

सिस्टरताईंच्या यादीत एक भर. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथवर काम केलेली माणसं हजारोंनी आहेत. डोळ्यात कधी काळी उडालेली लोखंडाची कणी राहून गेली असेल तर चुंबकात ती हलू शकते आणि दृष्टी जाऊ शकते. 'डोळ्यात धातू आहे का' असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात. 'वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम केलंय का? कधी डॉक्टरांकडून डोळ्यातली कणी काढून घेतली का?' असं विचारा. हो आलं तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे.

चेंदणीकर

हे सोनं आहे मंडळी. मसुद्यातला दुसरा मुद्दा पूर्ण नव्याने लिहितो. एक शंका: एसी फार असतो म्हणून ब्लँकेट द्यावं ना?

सिस्टर_नेरुळ

हो, द्यावंच. खोली २० अंशांच्या आसपास असते, म्हातारी माणसं कुडकुडतात.

खाडीवारा

ताई, इथे थोडं थांबूया. सुरुवातीला गार वाटतं हे खरं, पण मशीन रेडिओ लहरींनी शरीर तापवतं. नेहमीच्या मर्यादेत दर किलो वजनामागे २ वॅट. ६० किलोच्या माणसात १२० वॅट, म्हणजे ६० वॅटचे दोन जुने बल्ब. पुढच्या पातळीवर ४ वॅटपर्यंत जाता येतं. तोच सिक्वेन्स ३ टेस्लावर १.५ च्या साधारण चौपट ऊर्जा मागतो. ही उष्णता घामावाटे बाहेर पडायची असते, जाड ब्लँकेटने ती कोंडते. मग २० मिनिटांनी 'गरम होतंय, गुदमरतंय' आणि स्टाफला बोलवायचा बझर.

अजून एक. मशीन ही मर्यादा रुग्णाच्या नोंदवलेल्या वजनावरून काढतं. नातेवाइकाने अंदाजाने ८० सांगितलं आणि माणूस ६० चा निघाला तर मर्यादाच चुकली. वजनकाटा दारात ठेवा.

सिस्टर_नेरुळ

वजनाचं पटलं. ब्लँकेटचं असं करूया: सुती चादर, फक्त पायांवर, आणि बोगद्यातला पंखा चालू. माणूस तक्रार करण्याआधी मध्येच विचारायचं, गरम होतंय का. पावसाळ्यात भिजून आलेल्यांना आधी पूर्ण कोरडं करायचं, केसही. ओलसर अंगावर भाजण्याचा धोका जास्त.

खाडीवारा

पायांवर सुती चादर आणि पंखा, मान्य.

गॅन्ट्रीबाहेर

पंख्यावरून आठवलं. चेहऱ्यावर वारा असला की कोंडल्यासारखं कमी वाटतं, पहिल्यापासूनच चालू ठेवावा. डोळ्यांचं म्हणाल तर ते टेबल आत सरकण्याआधी मिटायचे आणि बाहेर येईपर्यंत मिटलेलेच ठेवायचे. आत गेल्यावर मिटले तर नाकासमोरचं छत एकदा दिसलेलं असतं, ते मनातून जात नाही. डोळ्यांवर दुमडलेला सुती रुमाल ठेवला की उघडायचा मोहही होत नाही. ज्यांना अंधार नको त्यांच्यासाठी डोक्याच्या कॉइलवर तिरका आरसा, त्यात पायांकडची उघडी बाजू दिसते. दोन्हीपैकी काय हवं ते रुग्णाला विचारा.

बझरचा रबरी फुगा हातात दिल्यावर एकदा दाबून बघायला लावा आणि कन्सोलवरून 'ऐकू आलं' असं उत्तर द्या. हा उपाय अगदी साधा आहे, आणि कधी हवं तेव्हा बाहेर येता येतं ही खात्री पटली की बहुतेक जण तो फुगा शेवटपर्यंत दाबत नाहीत.

पोटाच्या तपासणीत श्वासाचा प्रश्न येतो. मशीनमधली रेकॉर्ड केलेली सूचना बहुधा इंग्रजी किंवा हिंदी असते. 'श्वास रोखा' म्हटलं की आपली माणसं छाती भरून हवा घेतात आणि रोखतात, दर वेळी वेगळी. मग यकृत एका छेदात वर, दुसऱ्यात खाली. मराठीत स्वतः रेकॉर्ड करा आणि श्वास सोडल्यावर थांबवायला शिकवा, ती जागा दर वेळी जवळपास तीच येते: 'श्वास घ्या... सोडा... आता घेऊ नका, थांबा.' मग १२ ते १८ सेकंदांनी 'घ्या श्वास'. टेबलावर चढण्याआधी खुर्चीत बसवून तीनदा सराव. ज्यांना १८ सेकंद जमत नाही त्यांच्यासाठी छोटा सिक्वेन्स किंवा श्वासाच्या लयीवर चालणारा.

पारसिक

आणि संगीत? हेडफोनवर भजन किंवा भावगीत लावलं तर?

खाडीवारा

इअरप्लग आणि मशीनचा आवाज यांच्यामधून गाणं तुटक पोचतं, आणि ते ऐकू यावं म्हणून आवाज वाढवत गेलं तर कानाला दुहेरी मारा. माझ्या मते गाण्यापेक्षा टेक्निशियनचा आवाज महत्त्वाचा.

सिस्टर_नेरुळ

मला नाही पटत. सिक्वेन्सच्या मधल्या शांततेत कानावर ओळखीचा अभंग आला तर म्हातारं माणूस सैलावतं. आवाज बेताचा ठेवा, पण बंद करू नका. आणि निवड रुग्णाची हवी. स्टाफला आवडतं ते गाणं लावू नये.

भूलतज्ज्ञ_वाशी

पाचव्या मुद्द्यातलं 'झोपेचं इंजेक्शन' हे शब्द काढा. लोक ते चहासारखं मागतात. चिंता कमी करणारी गोळी आणि भूल या वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्यांना पुष्कळदा डॉक्टरांनी लिहून दिलेली एक गोळी पुरते. पण ती डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवरच घ्यायची, सोबत माणूस हवा, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत दाराशी लटकून एकट्याने घरी जाणं तर मुळीच नाही. घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे यांनी आधीच सांगावं.

लहान मुलांना भूल लागली तर उपाशी राहण्याचे तास ठरलेले आहेत: पाणी किंवा गाळलेला पातळ रस २ तास, आईचं दूध ४ तास, वरचं दूध आणि हलकं खाणं ६ तास. भूलतज्ज्ञ हजर, एमआरआयमध्ये चालणारा मॉनिटर, ऑक्सिजनची भिंतीतली लाइन. साधा बोटाचा ऑक्सिमीटर आत न्यायचा नाही, त्याच्या वायरने बोट भाजतं.

पण दर वेळी भूल कशाला? तीनेक महिन्यांपर्यंतच्या बाळाला आधी थोडं जागं आणि भुकेलं ठेवायचं, तपासणीच्या अर्ध्या-पाऊण तास आधी पोटभर पाजायचं, कान झाकून दुपट्यात घट्ट गुंडाळायचं. बाळ आपोआप गाढ झोपतं. ५-६ वर्षांच्या पुढच्या मुलांना आवाजाचं रेकॉर्डिंग घरी ऐकवा, पलंगाखाली घोंगडीचा बोगदा करून 'पुतळा-पुतळा' खेळवा. आई किंवा बाबा तपासून, धातू काढून, कान झाकून आत बसू शकतात.

कोपरखैरणेची_माऊ

मग मोठ्यांच्या सोबतच्या माणसालाही तपासतात का? तो तर नुसता बसणार.

डॉ_येऊर

त्यालाही तितकंच कडक तपासायचं. चुंबक रात्रंदिवस चालू असतं, तपासणी नसतानाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर खेचला जाऊन दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये काही तास अडकले होते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून दारावर अडवणाऱ्या स्टाफवर चिडू नका, ही विनंतीही पत्रकात असू द्या. आत जो बसेल त्याने रुग्णाच्या पायाला हात लावून ठेवावा. आतल्या माणसाला त्याचा मोठा आधार वाटतो.

अवांतर: ३ जुलै १९७७ ला माणसाच्या शरीराचा पहिला एमआरआय झाला, त्याला जवळजवळ ५ तास लागले होते. आज गुडघा १५-२० मिनिटांत होतो, आणि नव्या संगणकीय पद्धतींनी आणखी लवकर. कुठल्या केंद्रात तपासणीला किती वेळ लागतो, हेही फोनवर विचारण्यासारखं आहे.

चेंदणीकर

सगळं धरून नवा मसुदा:

१. साध्या तपासणीला हलकं खाऊन, नेहमीची औषधं घेऊन या. उपाशी राहायचं असेल तर आम्ही फोनवर सांगू. आत जाण्याआधी लघवीला जाऊन या.
२. दागिने, पिना, करगोटा, किल्ली, कवळी, श्रवणयंत्र काढावं लागेल. हळकुंडाचा दोरा चालेल. वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम केलं असेल, शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा कुठलाही धातू बसवलेला असेल, किंवा तुम्ही गरोदर असाल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, बसवलेल्या वस्तूचं कार्ड सोबत आणा.
३. मशीन ठोकल्यासारखा, ड्रिलसारखा आवाज करतं. आम्ही तुमचे कान नीट झाकून देऊ.
४. तपासणी २ ते ५ मिनिटांच्या तुकड्यांत होते. आवाज चालू असताना स्थिर राहा, थांबला की गिळा, खोका. पुढचा तुकडा किती मिनिटांचा ते आम्ही सांगत राहू.
५. हातात फुगा असेल. दाबला की आम्ही लगेच बोलू, हवं तर बाहेर काढू.
६. बंद जागेची भीती असेल तर लपवू नका, आधी फोन करा. रुमाल, आरसा, पाय आधी, सोबतचा माणूस, डॉक्टरांची गोळी, यांतलं काय चालेल ते मिळून ठरवू.

खाली तीन छोटी चित्रं: गुडघा, कंबर, डोकं. प्रत्येकात डोकं कुठे असतं ते.

गॅन्ट्रीबाहेर

तिसऱ्यात 'आवाज ओळखीचा व्हावा म्हणून आधी ऐकवू' हे घाला. कन्सोलच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग ठेवलं की झालं. आणि उठताना टेबलावर एक-दोन मिनिटं बसूनच राहा, हेही हवं. एकदम उठल्याने चक्कर येते, ३ टेस्लावर तर टेबल सरकतानाही गरगरतं.

सिस्टर_नेरुळ

अक्षर मोठं ठेवा, निदान १४ चं. हा कागद वाचणार आहेत ती बहुतेक माणसं चष्मा पिशवीत ठेवून बाकावर बसलेली असतात. आणि दुसऱ्या मुद्द्यात 'काढावं लागेल'च्या पुढे 'कुलपाचा कप्पा मिळेल, किल्ली नातेवाइकाकडे राहील' हे लिहा. गळ्यातलं काढून कुठे ठेवायचं, ही चिंता घेऊनच बायका आत जातात.

चेंदणीकर

दोन्ही घातलं. कप्पे सध्या चारच आहेत, आणखी सहा बसवायला सांगतो.